आधी सांगायचं, मग पाना लावायचा

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दोन महिन्यांपूर्वी फोन करून विषय दिला होता : 'संगणक क्षेत्रातल्या नव्या वाटा'. मी हो म्हटलं, आणि नंतर विचार केला की या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांची मुलं संगणक क्षेत्रात आहेत आणि त्या वाटा त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. म्हणून मी परवानगी घेऊन विषय बदलला. आज मी तुम्हाला पियानो सुरात लावणाऱ्या माणसांबद्दल सांगणार आहे.

हसा, हसा. मला कल्पना आहे. आपल्यापैकी कुणीही शाळेत असताना खरा पियानो पाहिला नव्हता. आपला पियानो म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातला. नायिकेचा दुसऱ्याशी साखरपुडा ठरलेला, घरात पार्टी, आणि नायक पियानोवर बसून सगळ्यांदेखत दुःख सांगतोय. आपल्या शाळेत होती ती पेटी. रोज सकाळी प्रार्थनेला संगीताच्या बाई ती वाजवायच्या आणि तिचा वरचा एक सूर बोलायचा नाही. बाई त्या जागी पोचल्या की आवाज थोडा वाढवायच्या आणि तेवढी जागा गळ्याने भरून काढायच्या. दहा वर्षं आपण ती प्रार्थना तशीच म्हटली. ती पेटी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचं आहे.

माझी गोष्ट २०१८ ची. आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिला पियानो शिकायचा होता. तिकडे जुने पियानो लोक फुकट देतात. अट एकच, उचलून तुम्ही न्यायचा. शेजारच्या गल्लीतल्या एका कुटुंबाकडे उभा पियानो होता, त्यांची मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली, वीस वर्षं त्याला कुणी हात लावलेला नव्हता. वर फुलदाणी आणि कुटुंबाचे फोटो. आम्ही हमालांना पैसे देऊन तो घरी आणला. मुलीने वाजवून पाहिला, मला छान वाटला. शिक्षिका म्हणाल्या, एकदा ट्यूनरला बोलवा. दहा दिवसांनी मुलीचा पहिला छोटा कार्यक्रम होता, त्याच्या आत काम व्हावं म्हणून मी फोन केला.

आले ते साधारण सत्तरीचे गृहस्थ. माझी मुलगी पहिल्या दिवसापासून त्यांना 'पियानो आजोबा' म्हणायला लागली, म्हणून मीही आजोबाच म्हणते. मला वाटलं होतं, माणूस येईल, तासाभरात पिळून-बिळून देईल आणि जाईल. ते आले, कोट काढला, आणि पहिली पंधरा मिनिटं हत्यार बाहेरच काढलं नाही. झाकण उघडलं, पुढची फळी काढून ठेवली, बॅटरी घेऊन आत पाहिलं. कुठे गंज आहे, कुठे चीर आहे. मग एका पट्टीपासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू वाजवलं. आणि मला तीन प्रश्न विचारले : कोण वाजवणार? कुणाबरोबर वाजवणार? याआधी सुरात कधी लावला होता?

तिसऱ्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. मी थोडी ओशाळून म्हटलं, "वीस वर्षं तरी कुणी वाजवलाच नव्हता, म्हणजे तसा फारसा बिघडला नसेल ना?"

हा प्रश्न त्यांना प्रत्येक घरात ऐकायला मिळतो, हे मला पुढे कळलं. आपल्याला वाटतं, वापरलं नाही म्हणजे झिजलं नाही. त्यांनी मला हसून उडवून लावलं नाही. त्यांनी मला पियानोच्या आत डोकावायला सांगितलं.

आत काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. पियानोला ८८ पट्ट्या असतात, पण तारा साधारण २३०. खर्जातल्या स्वरांना एक किंवा दोन, तांब्याची तार गुंडाळलेल्या जाड तारा, आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन-तीन. प्रत्येक तार सत्तर-पंचाहत्तर किलो वजन टांगावं इतकी ताणलेली असते. सगळ्या मिळून सतरा टनांच्या आसपास ताण. तो पेलायला ओतीव लोखंडाची चौकट असते. तारा एका लाकडी घोडीवरून जातात, आपल्या तंबोऱ्याला असते तशीच घोडी, फक्त लांबलचक. आणि ती घोडी टेकलेली असते स्प्रूसच्या लाकडाच्या एका मोठ्या पातळ फळीवर. ही फळी किंचित फुगीर असते आणि खरा आवाज तीच देते.

आता आमच्याकडे हिवाळ्यात बाहेर उणे वीस, घरात अखंड हीटर, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. उन्हाळ्यात उलट, दमट. ती फळी हिवाळ्यात आकसते, उन्हाळ्यात फुगते. दर वर्षी घोडी वर-खाली होते आणि तिच्यासोबत तारांचा ताण. त्यात तारा स्वतःही सैल होत असतात. कुणी वाजवो न वाजवो. म्हणून कारखानदार सांगतात की वर्षातून दोनदा तरी पियानो सुरात लावून घ्या.

आजोबांनी फोनवरचं एक ॲप उघडलं आणि मधला 'ए' वाजवला. हा स्वर जगभर ४४० हर्ट्झला लावायचा असतो. १९३९ साली लंडनच्या एका परिषदेत हा आकडा ठरला. आमचा दाखवत होता ४१८. पेटीवर एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर, मग ती काळी असो की पांढरी, त्याचे १०० भाग केले तर एकेका भागाला सेंट म्हणतात. आमचा पियानो ९० सेंट खाली होता. म्हणजे जवळजवळ पूर्ण एक पट्टी.

मला धक्का बसला. मी मिरजेची मुलगी! ज्या गावात सतारमेकर गल्ली आहे, जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावची. लहानपणी त्या गल्लीतून जाताना दर दुसऱ्या दुकानातून कुणीतरी तार लावत असल्याचा आवाज यायचा. आणि मला घरातला वाद्याचा राजा एक पट्टी खाली गेलेला ऐकू आला नव्हता.

आजोबा म्हणाले, "तुम्हाला कळणार कसं? सगळ्या तारा मिळून उतरल्यात. एकमेकींशी बऱ्यापैकी जुळलेल्याच आहेत. आणि याचा खर्ज अजून फार सुरेख आहे, ऐका." आणि त्यांनी खालचा एक स्वर धरून ठेवला. खरंच सुरेख होता.

मग ते खुर्चीवर नीट बसले आणि म्हणाले, तीन रस्ते आहेत. पहिला : जिथे आहे तिथेच ठेवून त्याला स्वतःशी नीट जुळवून देतो. एका भेटीचं काम, धोका जवळजवळ नाही. पण मुलगी उद्या बासरीवाल्याबरोबर किंवा रेकॉर्डबरोबर वाजवायला बसली तर जुळणार नाही, आणि तिचा कान चुकीच्या जागी तयार होईल. दुसरा : त्याला ४४० वर उचलायचं. त्याला आज दोन-तीन फेऱ्या लागतील, पैसे दीडपट होतील, तो पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा थोडा उतरेल आणि मला परत यावं लागेल. तारा जुन्या आहेत, एखाद-दुसरी तुटू शकते. तुटली तर मी ती बदलून देईन, तिचे पैसे वेगळे, आणि नवी तार काही महिने सैल होत राहील. तिसरा रस्ता : आज काहीच करायचं नाही, विचार करून मला कळवायचं, फक्त येण्याचे पैसे द्यायचे.

आणि मग ते गप्प बसले.

मी इंजिनिअर. मी म्हटलं, दुसराच रस्ता, पण आजच्या आज पूर्ण करून द्या, दहा दिवसांनी कार्यक्रम आहे. ते म्हणाले, "आज वर नेतो. पूर्ण झालं असं मात्र म्हणणार नाही. आणि तार तुटू शकते हे तुम्ही ऐकलंत ना? मला मोठ्याने हो म्हणून दाखवा." मला थोडा राग आला. पण हो म्हटलं.

आता एक पट्टी वर उचलणं म्हणजे काय, ते ऐका. ताण कंपनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे भौतिकशास्त्रात शिकवतात. ९० सेंट वर नेलं की त्या चौकटीवर आणि फळीवर जवळजवळ पावणेदोन टन जास्तीचा भार येतो. गच्चीवर दोन बांबूंमध्ये वाळवणाच्या दोऱ्या बांधलेल्या आठवा. पहिली दोरी ताणून बांधली, मग दुसरी ताणली, की बांबू आत झुकतात आणि पहिली दोरी सैल पडते. इथे अशा २३० दोऱ्या आहेत. ज्या तारा तुम्ही सकाळी अचूक लावल्या, त्या शेवटची तार लावेपर्यंत उतरलेल्या असतात. म्हणून पहिल्या फेरीत अचूकपणा धरायचाच नाही. भरभर सगळ्या तारा वर न्यायच्या. त्यात मधल्या-वरच्या सप्तकांत तार जितकी खाली आहे त्याच्या पाव ते तृतीयांश इतकी मुद्दाम जास्त वर न्यायची, म्हणजे भार बसल्यावर ती उतरून बरोबर जागी येईल. खर्जात जास्तीचा ताण कमी द्यायचा, कारण गुंडाळलेली तार तुटली तर तशीच दुसरी मापाने करून घ्यावी लागते. फारच खाली असेल तर आधी नुसतं बरोबरीला आणायचं, मग दुसरी फेरी. बारीक काम शेवटच्या फेरीत.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. वर न्यायच्या प्रत्येक जुन्या तारेला ते आधी किंचित खाली उतरवत. पाना उलटा फिरवत, अगदी केसभर. जिथे तार लोखंडाला टेकते तिथे गंजाने चिकटलेली असते. सरळ वर खेचली तर तिथेच तुटते. आधी खाली सोडली की 'टिक' असा बारीक आवाज येतो, गंज सुटतो, मग वर न्यायची.

एवढं करूनही आमची एक तार तुटलीच. वरच्या सप्तकातली. दिवाळीतला लवंगी फटाका फुटावा तसा आवाज आला, मुलगी पळत आली. आजोबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला राग आला नाही. मला ठाऊक होतं. पुढे त्यांनी मला एकदा सांगितलं, "तुटण्याआधी सांगितलं तर ती माहिती असते, तुटल्यावर सांगितलं तर ती सबब होते."

आजोबा पुढच्या महिन्यात आले, पियानो १५ सेंट उतरला होता, पुन्हा लावला. त्यानंतर सहा महिन्यांनी आले, तेव्हा जेमतेम चार. मग मी त्यांना एक विचित्र विनंती केली. शनिवारी मी तुमची पिशवी उचलायला आले तर चालेल का? मला काम पाहायचं आहे. त्यांना आश्चर्य वाटलं, पण ते हो म्हणाले. सुमारे वर्षभर, महिन्यातून दोन शनिवार, मी त्यांच्याबरोबर घरोघरी गेले. पाना धरायला मी फारशी शिकले नाही. खुंटी किंचित फिरवून ती तिथेच बसवणं, तीन तारांमधला डोलणारा आवाज ऐकत ऐकत तो थांबेपर्यंत आणणं, याला वर्षानुवर्षं लागतात. मी शिकले ते बोलणं.

एका शेतघरात साधारण ऐंशी वर्षांच्या बाई होत्या. पियानो त्यांच्या आईचा, शंभर वर्षांच्या आसपासचा, दीड पट्टी खाली. तारांवर गंजाचा थर. आजोबांनी सांगितलं, "हा वर नेता येईल, पण बऱ्याच तारा तुटतील आणि घोडीला इथे चीर आहे, ती वाढेल. तुम्ही कुणाबरोबर वाजवता?" बाई म्हणाल्या, "कुणाबरोबर? संध्याकाळी एकटीच." आजोबांनी तो जिथे होता तिथेच, दीड पट्टी खालीच, स्वतःशी जुळवला. दोन तास लागले. बाई बसल्या, चर्चमधलं एक गाणं वाजवलं, आणि विचारलं, "आता हा बरोबर आहे का?" आजोबा म्हणाले, "तो स्वतःशी अगदी बरोबर आहे. दुसरं वाद्य घेऊन कुणी आलं तर त्यांना सांगा की आमचं घर दीड पट्टी खाली आहे." बाई इतक्या हसल्या. त्यांना खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्यांची लाजही काढली नव्हती.

दुसऱ्या एका घरात तरुण जोडपं होतं. फुकटचा पियानो, हमालीला भरपूर पैसे गेलेले, मुलासाठी हौसेने आणलेला. आजोबांनी चार खुंट्यांना पाना लावून पाहिला. ज्या लाकडी फळीत खुंट्या ठोकलेल्या असतात ती वाळून भेगाळली होती, खुंट्या हाताला सैल लागत होत्या. तार वर न्या, अर्ध्या तासात खाली. त्यांनी दुरुस्तीचे उपाय सांगितले, प्रत्येकाचा खर्च सांगितला, आणि म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर हा खर्च दुसऱ्या पियानोवर केला असता." नवरा-बायकोचे चेहरे पडले. आजोबा लगेच निघाले नाहीत. दुसरा पियानो घ्यायला जाल तेव्हा काय बघायचं, हे त्यांनी त्यांना वीस मिनिटं, त्याच पियानोवर दाखवून शिकवलं.

आणि तिसरं घर. ते मला आजही आठवतं. तिथल्या बाई दरवर्षी न चुकता पियानो सुरात लावून घेत होत्या. आठ वर्षं एकाच माणसाकडून. मुलीने शाळेत क्लॅरिनेट घेतलं, घरी आणलं, आईबरोबर वाजवायला बसली आणि जुळेचना. ॲपने दाखवलं, ६० सेंट खाली. दरवर्षी तो माणूस येऊन पियानो होता तिथेच जुळवून जात होता, आणि त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. बाई भयंकर चिडल्या होत्या. "आठ वर्षं पैसे दिले मी! त्याला माहीत नसेल का?"

आजोबा त्या माणसाबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "त्याने पियानो स्वतःशी नीट जुळवलेला आहे, काम स्वच्छ आहे. न सांगणं चुकलं. आज काय करायचं ते आपण ठरवू." आणि तेच तीन रस्ते.

परत येताना गाडीत मी म्हटलं, तुम्ही फार सौम्य वागलात. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी पण तेच केलंय. तरुण होतो, नवीन धंदा. एका शिक्षिकेचा पियानो ४० सेंट खाली होता. सांगितलं तर जास्त पैसे मागतोय असं वाटेल, तार तुटली तर गिऱ्हाईक जाईल, म्हणून पहिल्या वर्षी बोललो नाही. दुसऱ्या वर्षी बोलायचं तर पहिल्या वर्षी का नाही बोललात, हा प्रश्न. तिसऱ्या वर्षी आणखी अवघड. सहा वर्षं गेली. तिच्या हाताखालून किती मुलं शिकून गेली असतील."

"मग सांगितलंत का?"

"सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. आणि पुन्हा मला बोलावलं नाही."

मित्रांनो, मी त्या दिवशी घरी जाऊन दोन गोष्टींचा विचार केला.

एक माझ्या कामाची. आम्ही कंपन्यांच्या जुन्या संगणक प्रणाली दुरुस्त करतो. पंधरा-वीस वर्षं कुणी लक्ष न दिलेल्या. तेव्हा दोन वर्षांपूर्वी अशाच एका गिऱ्हाइकाच्या बैठकीत, सगळं तपासून झाल्यावर, मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हे कुणी लिहिलंय? हे मुळात चालतंय कसं हेच आश्चर्य आहे." ज्याने ते लिहिलं होतं आणि बारा वर्षं एकट्याने चालू ठेवलं होतं, तो माणूस माझ्या समोर बसला होता. तो काही बोलला नाही. पुढचे आठ महिने तो फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत राहिला. त्याला ठाऊक असलेल्या आणि आम्ही न विचारलेल्या कितीतरी गोष्टी आम्हाला ठेचा खाऊन शोधाव्या लागल्या. माझं मोजमाप बरोबर होतं. पण मी तार आधी खाली सोडली नाही, सरळ वर खेचली.

दुसरी गोष्ट घरची, आणि तिथे माझी चूक उलटी होती.

माझी आई गायची, हे तुमच्यापैकी आमच्या घरी येणाऱ्यांना आठवत असेल. गणपतीत आरतीनंतर ती एक भजन म्हणायची आणि तुम्ही प्रसादासाठी थांबलेले असायचात. तिचा तंबोरा मधल्या खोलीत भिंतीला टेकून, गवसणीत असायचा. आजी आजारी पडली, मग आमची शिक्षणं, मग बाबांची बदली, आणि कधीतरी गाणं थांबलं. अमेरिकेतून मी दर दोन वर्षांनी यायचे. दर वेळी तो तंबोरा बघायचे. गवसणीवरची धूळ पुसलेली असायची, पण गवसणी काढलेली नसायची. आणि मी कधीच विचारलं नाही. विचारलं तर तिला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला उत्तर ऐकायची भीती होती. पहिल्या वर्षी विचारलं नाही, मग दुसऱ्या वर्षी आणखी अवघड झालं. आजोबा गाडीत जे बोलले, ते मी वीस वर्षं करत होते.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारलं, "आई, तंबोरा काढायचा का?"

ती चटकन म्हणाली, "कशाला? त्याच्या तारा गेल्यात, आणि माझा आवाज आता पांढरी चारच्या वर जात नाही." म्हणजे तिने तपासून पाहिलं होतं. कुणी घरात नसताना. तिला आपला आकडा माहीत होता.

मी म्हटलं, "नुसता दाखवून तरी आणू. काय म्हणतात ते ऐकू, मग ठरवू." दोन दिवस ती नाहीच म्हणत होती. तिसऱ्या दिवशी स्वतःच साडी बदलून तयार झाली.

सतारमेकर गल्लीतल्या ज्या दुकानात आम्ही गेलो, तिथल्या चाचांनी गवसणी काढली, भोपळ्यावर बोटांनी टकटक केलं, दांडीवरून डोळा लावून पाहिलं, खुंट्या फिरवून पाहिल्या. मला हसू आलं. हत्यार बाहेर नाही, आधी सगळं बघणं. तेच काम, मिरजेत आणि विस्कॉन्सिनमध्ये. मग ते आईकडे वळून म्हणाले, "भोपळा चांगला आहे, ताई. एक खुंटी बदलावी लागेल, तारा सगळ्या नव्या, जवारी पुन्हा काढावी लागेल. आता कुठल्या पट्टीत गाता?"

'आता' म्हणाले. पूर्वी कुठल्या पट्टीत गायचात, हे विचारलंच नाही.

आई पूर्वी काळी चारमध्ये गायची. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पांढरी चार." चाचा म्हणाले, "ठीक आहे, मग तारा थोड्या जाड घालू." विषय संपला. खालच्या पट्टीला जाड तार, इतकंच. त्यात कमीपणा काय?

आई आता रोज गाते असं मी सांगणार नाही. ती आठवड्यातून दोन-तीनदा बसते, पंधरा-वीस मिनिटं. कधी फोनवर मला ऐकवते, कधी नाही. पण गवसणी आता दाराच्या मागे खुंटीला टांगलेली आहे.

आज आपण २९ वर्षांनी भेटतोय. सकाळपासून मी ऐकतेय, "तू फोन का केला नाहीस?", "तू तर विसरलीसच". आपण सगळेच थोडे उतरलोय, आणि बहुतेक सगळे मिळून उतरलोय, त्यामुळे कुणाला फारसं कळलेलं नाही. एका दिवसात कुणाला ४४० वर खेचू नका. चाचांचा प्रश्न विचारा : आता कुठल्या पट्टीत आहेस?

आता शेवटचं. काल मी संगीताच्या खोलीतलं कपाट उघडून पाहिलं, शिपाईमामांनी किल्ली दिली. आपली प्रार्थनेची पेटी तिथेच आहे. भाता दोन जागी फाटलाय, आणि न बोलणारे सूर आता एकाचे चार झालेत. संयोजकांकडे माझी विनंती आहे की शाळेची परवानगी घेऊन आपल्या तुकडीने ती पेटी दुरुस्तीला द्यावी. पण आधी कारागिराला नुसती दाखवू. तो काय सांगतो ते सगळं, खर्चासकट, शाळेला आणि आपल्या ग्रुपवर कळवू. होण्यासारखी असेल तर करू. नसेल तर तसं स्पष्ट सांगू आणि नवी देऊ, जुनी काचेच्या कपाटात ठेवू. मी इथे अजून अकरा दिवस आहे. उद्या सकाळी दहाला मी ती घेऊन गल्लीत जायला तयार आहे. उचलायला एक माणूस हवा आहे.

आणि संगीताच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सांगते : बाई, तो वरचा सूर बोलत नव्हता हे आम्हाला माहीत होतं. आम्हीही सांगितलं नाही.